तेलविहिरीसाठी स्टॅबिलायझर कसा निवडावा

तेलविहिरीच्या खोदकामात नळीच्या टोकाचा बिट खडक कापतो, ड्रिल कॉलर नावाच्या जड नळ्या त्याच्यावर वजन टाकतात आणि मड, म्हणजे नळीतून खाली सोडलेला चिखलासारखा द्रव, कापलेला चुरा पृष्ठभागावर आणतो, इतके या विषयाशी थोडीफार ओळख असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. विहीर कोणत्या दिशेने सरकत जाईल हे मात्र बऱ्याच अंशी कॉलरच्या मधेमधे बसवलेल्या, साधारण दीड-दोन मीटर लांबीच्या आणि अंगावर तीन किंवा चार पाती असलेल्या पोलादी नळ्यांवर अवलंबून असते. अशा नळीला स्टॅबिलायझर म्हणतात आणि तिच्या पात्यांना रिगवर, म्हणजे खोदकामाच्या यंत्रस्थळी, ब्लेड म्हटले जाते. ब्लेडच्या बाहेरच्या कडांचा व्यास बिटच्या व्यासाइतका किंवा त्याहून किंचित कमी असतो, त्यामुळे त्या ठिकाणी नळी विहिरीच्या भिंतीला टेकते आणि मध्यभागी धरली जाते. थोडक्यात, स्टॅबिलायझर म्हणजे टेकू.

मागणीपत्रात बहुधा व्यास, जोडाचा प्रकार आणि नगांची संख्या एवढेच लिहिलेले असते, आणि त्यामुळे स्टॅबिलायझर निवडणे म्हणजे यादीतून एखादे साधन निवडणे अशी समजूत होऊन बसते. माझ्या मते ही सुरुवातच उलट्या टोकाकडून होते. टेकू कोठे द्यायचे आणि प्रत्येक टेकूचा व्यास नेमका किती ठेवायचा, हे आधी ठरले पाहिजे. ब्लेड सरळ असावे की वळणदार, त्यावर कोणता कठीण थर चढवावा, नळी अखंड असावी की जोडकामाची, हे प्रश्न महत्त्वाचे असले तरी त्यानंतरचे आहेत. हा क्रम का, ते समजण्यासाठी बिटच्या वरच्या पहिल्या तीस-चाळीस मीटरमध्ये काय घडते ते पाहावे लागेल.

नळी वाकते कशी

ड्रिल कॉलर म्हणजे जाड भिंतीची, जड पोलादी नळी. तिची एकेक लांबी साधारण ९ मीटर असते. कॉलरचा व्यास बिटपेक्षा नेहमीच कमी असतो, कारण चुरा घेऊन वर येणाऱ्या मडला भिंत आणि नळी यांच्यामधून वाट हवी असते. त्यामुळे कॉलरच्या भोवती मोकळी जागा राहते, आणि वरून वजन पडले की एवढी जाड नळीसुद्धा त्या मोकळ्या जागेत वाकते. सरळ उभ्या विहिरीत वजन एका मर्यादेपलीकडे गेले की ड्रिल स्ट्रिंगचा, म्हणजे बिटपर्यंत एकमेकींना जोडलेल्या सगळ्या नळ्यांचा, सरळपणा टिकत नाही, हे आर्थर ल्युबिन्स्की यांनी १९५० मध्ये गणिताने मांडले. पुढे १९५३ मध्ये त्यांनी आणि एच. बी. वुड्स यांनी विहिरीचा कल कोणकोणत्या गोष्टींनी ठरतो याचा अभ्यास प्रसिद्ध केला. आज हे सारे हिशेब संगणकावर होतात, पण त्यांचा पाया तोच आहे.

वाकलेल्या नळीच्या टोकाला असलेला बिट विहिरीच्या अक्षाशी थोडा तिरपा होतो आणि त्याच्यावर एक आडवा जोरही येतो. हा तिरपेपणा आणि हा आडवा जोर मिळून बिट वर चढणार, खाली उतरणार की सरळ जाणार हे ठरवतात. खडकाचेही त्यात म्हणणे असते: मऊ आणि कठीण थर आलटून पालटून येत असतील आणि ते थर कललेले असतील, तर बिट स्वतःहून एका बाजूला ओढला जातो. थरांचा उतार फार तीव्र नसेल तेव्हा तो बहुधा थरांच्या चढाच्या दिशेने, म्हणजे थरांना काटकोनात छेदण्याच्या दिशेने वळू पाहतो. आपण खडक बदलू शकत नाही. नळी कोठे आणि किती वाकेल, हे मात्र टेकू देऊन आपल्याला ठरवता येते.

टेकूच्या तीन मांडण्या

पहिली मांडणी लंबकाची. यात बिटच्या लगेच वर स्टॅबिलायझर नसतो. पहिला टेकू ९, १८ किंवा २७ मीटरवर दिलेला असतो. त्या टेकूच्या खालचा कॉलरचा भाग लोंबकळत राहतो आणि गुरुत्वाकर्षणामुळे उभ्या रेषेकडे परत येऊ पाहतो, त्यामुळे विहिरीचा कल कमी होतो. ऐकायला ही योजना फार विश्वासार्ह वाटते, म्हणून तिचा आकड्यांत हिशेब करून पाहणे बरे. समजा विहीर उभ्या रेषेपासून ३ अंश कलली आहे, पहिला टेकू १८ मीटरवर आहे आणि मधे ८ इंची कॉलर आहेत. आतील छिद्र वजा जाता अशा कॉलरचे वजन मीटरला सुमारे २२३ किलो भरते, म्हणजे १८ मीटरचे सुमारे ४,००० किलो. ३ अंशांच्या कलात यातील जेमतेम पाच टक्के, म्हणजे २१० किलो, आडव्या दिशेने काम करतात. त्यातले साधारण निम्मे टेकूवर जातात आणि निम्मे बिटवर येतात. मडमध्ये बुडालेल्या पोलादाचे वजन घटते तेही धरले, तर विहीर सरळ करण्यासाठी बिटवर उरतात सुमारे ९० किलो. याच वेळी बिटवर वरून पंधरा-वीस टन वजन टाकलेले असू शकते, आणि ते वजन वाढवले की १८ मीटरचा मोकळा भाग वाकून लंबकाचा परिणाम पुसून टाकतो. म्हणून लंबकाची मांडणी निवडायची असेल तर बिटवरचे वजन आवरते ठेवण्याची, म्हणजेच खोदकामाचा वेग कमी झालेला सोसण्याची तयारी आधीच हवी. ती नसेल तर ही मांडणी कागदावरच चांगली दिसते.

दुसरी मांडणी तरफेची. बिटच्या अगदी वर एक पूर्ण व्यासाचा स्टॅबिलायझर असतो आणि त्यानंतरचा टेकू १८ ते २७ मीटर दूर असतो किंवा नसतोच. मधली कॉलर आपल्या वजनाने खालच्या बाजूला झोल घेते, आणि बिटजवळचा स्टॅबिलायझर तरफेच्या टेकूसारखा वागून बिटला वरच्या बाजूला रेटतो. विहिरीचा कल वाढवायचा असतो तेव्हा ही मांडणी वापरली जाते. मधल्या कॉलरचा व्यास जितका लहान, तितका तिचा झोल अधिक. कारण नळीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो. ८ इंची कॉलरचे वजन ६½ इंची कॉलरच्या साधारण दीडपट असते, पण तिचा ताठपणा सुमारे २.३ पट भरतो. म्हणूनच स्टॅबिलायझरची निवड आणि कॉलरची निवड हे दोन स्वतंत्र निर्णय नव्हेत. ते एकाच वेळी, एकाच माणसाने घेतलेले बरे.

तिसरी मांडणी कल आहे तसा राखण्याची. यात बिटजवळ एक, तेथून थोड्या अंतरावर दुसरा आणि एका कॉलरच्या लांबीवर तिसरा, असे किमान तीन टेकू जवळजवळ दिलेले असतात. इतकी ताठ आणि भिंतीला इतकी लागून असलेली नळी वळणात सहज बसतच नाही, म्हणून विहीर साधारण सरळ रेषेत पुढे जाते. साधारण असे म्हणण्याचे कारण म्हणजे ही मांडणी चुकीच्या दिशेने जाणारी विहीर दुरुस्त करत नाही. कल जो असेल तो ती राखते, मग तो हवा असलेला असो वा नसो.

तीन मिलिमीटरचा प्रश्न

मांडणी कोणतीही असली तरी भूमिती तीच असते. एका नळीचे तीन आधारबिंदू घ्यावे: बिट, पहिला स्टॅबिलायझर आणि दुसरा स्टॅबिलायझर. तीन बिंदूंमधून एकच वर्तुळ जाते, आणि विहीर शेवटी त्या वर्तुळाच्या वळणाकडे झुकते. आता समजा बिटपासून दीड मीटरवर पहिला टेकू आहे आणि तेथून ९ मीटरवर दुसरा. खडकावर घासून पहिल्या टेकूचा व्यास ३ मिलिमीटरने कमी झाला. कललेल्या विहिरीत तो आता खालच्या भिंतीवर बसेल, म्हणजे मध्यापासून दीड मिलिमीटर खाली येईल. नळी पूर्ण ताठ आहे असे मानून केवळ भूमितीचा हिशेब केला, तर दर ३० मीटरला सुमारे ०.४ अंश याप्रमाणे कल उतरत जाण्याची प्रवृत्ती तयार होते. हा आकडा किरकोळ वाटेल. पण असेच ३०० मीटर खोदले तर कल जवळजवळ ४ अंशांनी बदललेला असेल आणि विहिरीचे टोक ठरलेल्या रेषेपासून सुमारे १० मीटर दूर गेलेले असेल. तेलाचा थर काही मीटरच जाड असेल, तर दहा मीटरची चूक म्हणजे विहीर थराच्या बाहेर.

प्रत्यक्षात कॉलरचा झोल, बिटची बाजूने कापण्याची क्षमता आणि खडकाचा कठीणपणा यांमुळे हा आकडा बदलतो, पण त्याची दिशा बदलत नाही. बिटजवळचा टेकू झिजला की विहीर खाली उतरू लागते आणि वरचा टेकू झिजला की ती चढू लागते, हे एवढे लक्षात ठेवले तरी सर्व्हेचे, म्हणजे विहिरीचा कल आणि दिशा यांच्या मोजणीचे, आकडे पाहून खाली काय झाले असावे याचा पुष्कळ अंदाज येतो.

या झिजेचाच उपयोग मुद्दामही करून घेता येतो. वरचा स्टॅबिलायझर जाणूनबुजून ⅛ किंवा ¼ इंचाने कमी व्यासाचा निवडून कल हलकेच वाढवत नेण्याची पद्धत सर्रास वापरली जाते. पूर्ण व्यासाचा म्हणवला जाणारा स्टॅबिलायझरसुद्धा बिटपेक्षा साधारण १/३२ इंच कमी असतो, कारण तो बिटच्या बरोबर असला तर आत जाता-येता अडकेल. त्यामुळे मागणी करताना केवळ ‘८½ इंची होलसाठी’ असे लिहिणे पुरेसे नाही. ब्लेडचा व्यास किती, तो कोणत्या मर्यादेत चालेल आणि किती झिजल्यावर नग बदलायचा, हे तिन्ही आकडे स्पष्ट असावेत. जमिनीखालीच व्यास बदलता येणारे स्टॅबिलायझरही मिळतात. मडच्या प्रवाहात किंवा बिटवरच्या वजनात ठरावीक बदल करून त्यांचे ब्लेड आत-बाहेर करता येतात. लांब, कललेल्या विहिरीत सगळी स्ट्रिंग बाहेर काढून पुन्हा उतरवण्याचा वेळ त्यांमुळे वाचतो. मात्र त्यांत हलणारे भाग असतात आणि हलणारा भाग बिघडू शकतो, म्हणून जेथे साध्या टेकूने काम होते तेथे ते वापरण्यात मला अर्थ दिसत नाही.

खडक ब्लेड ठरवतो

जागा आणि व्यास ठरले की ब्लेडचा विचार करावा, आणि तो करताना खडक आणि मड या दोघांनाही विचारात घ्यावे. मऊ, चिकट मातीच्या थरात ब्लेडमधल्या खाचा चिकणमातीने भरून जातात. स्टॅबिलायझर एखाद्या बुचासारखा होतो आणि वर ओढताना खालचा मड शोषून घेतल्याप्रमाणे दाब घटतो, जे विहिरीच्या सुरक्षिततेसाठीही वाईट असते. अशा ठिकाणी कमी आणि अरुंद ब्लेड, रुंद खाचा हाच नियम. कठीण, घासणाऱ्या वालुकाश्मात याउलट भिंतीशी अधिक पृष्ठभाग टेकलेला हवा, म्हणजे झीज वाटली जाते.

खाचांचा हिशेब एकदा हाताने करून पाहावा. ८½ इंची होलमध्ये ६¾ इंची नळी ठेवली की दोघांमधली मोकळी जागा सुमारे १३५ चौरस सेंटिमीटर उरते. ६३ मिलिमीटर रुंदीचे आणि सुमारे २२ मिलिमीटर बाहेर आलेले एक ब्लेड त्यातील १४ चौरस सेंटिमीटर व्यापते. तीन ब्लेड असतील तर मडसाठी ९३ चौरस सेंटिमीटर, म्हणजे मूळ जागेच्या ६९ टक्के वाट राहते. चौथे ब्लेड आले की ती सुमारे ५९ टक्क्यांवर येते. मड पातळ आणि स्वच्छ असेल तर हा फरक पचतो. चुरा खूप निघत असेल, किंवा विहीर इतकी कललेली असेल की चुऱ्याचा थर खालच्या भिंतीवर साचून राहतो, तर तेच चौथे ब्लेड स्ट्रिंग बाहेर काढताना नांगराच्या फाळासारखे तो थर गोळा करत आणते आणि शेवटी स्वतःच त्यात रुतते. खूप कललेल्या विहिरीत स्ट्रिंग अडकण्याच्या अनेक घटनांमागे हे एवढेच कारण असते.

ब्लेड सरळ की वळणदार, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी वळणदार ब्लेडच्या बाजूने सुटतो. सरळ तीन ब्लेडांच्या नळीत फिरताना टेकू सलग मिळत नाही. एक ब्लेड खालच्या भिंतीवरून पुढे गेले की दुसरे येईपर्यंत नळी थोडी खाली उतरते आणि पुन्हा वर उचलली जाते, आणि प्रत्येक फेरीला तीन धक्के बसतात. वळणदार ब्लेड मिळून नळीचा पूर्ण घेर व्यापत असतील तर भिंतीचा आधार कधीच तुटत नाही. मऊ थरांच्या, मोठ्या व्यासाच्या वरच्या भागात सरळ ब्लेड चालून जातात. ब्लेडच्या दोन्ही टोकांना दिलेला उतारही पाहून घ्यावा. तो हळुवार असेल तर भिंतीवरच्या लहान पायऱ्यांवर स्टॅबिलायझर अडत नाही, आणि वरच्या टोकाच्या उतारावर कापणारा कठीण थर असेल तर बाहेर येताना आखडलेली विहीर कापत येता येते.

सच्छिद्र थरात, जेथे मडचा दाब खडकातल्या द्रवाच्या दाबापेक्षा बराच जास्त असतो, तेथे स्टॅबिलायझरचा आणखी एक उपयोग होतो, ज्याच्याकडे दुर्लक्ष होते. गुळगुळीत कॉलर भिंतीला टेकून स्थिर राहिली तर दाबाच्या फरकाने ती तेथेच चिकटते. टेकू दिलेले असतील तर कॉलरचे अंग भिंतीपासून दूर राहते. मात्र मिठाच्या किंवा फुगणाऱ्या शेलच्या थरात, जेथे भिंत हळूहळू आत सरकते, तेथे हेच टेकू अडकण्याची पहिली जागा ठरतात. एकच साधन एका थरात तारते आणि दुसऱ्या थरात गोत्यात आणते; म्हणून आसपासच्या जुन्या विहिरींच्या नोंदी वाचल्याशिवाय केलेली निवड ही निवडच नव्हे, असे मी म्हणेन.

नळी, कठीण थर आणि जोड

बनावटीत मुख्य फरक अखंड आणि जोडकामाच्या स्टॅबिलायझरमध्ये आहे. अखंड प्रकारात ब्लेडसह संपूर्ण नळी एकाच पोलादी गोळ्यातून कोरलेली असते, त्यामुळे ब्लेड तुटून विहिरीत पडण्याची भीती राहत नाही. वेल्डिंग करून ब्लेड बसवलेला प्रकार स्वस्त पडतो आणि मोठ्या व्यासात वजनालाही हलका असतो, परंतु कठीण थरात किंवा खोल विहिरीत तो वापरू नये. वेल्डच्या उष्णतेने नळीच्या धातूत बदल होतात आणि भेग बहुधा तेथूनच सुरू होते. तिसऱ्या प्रकारात एका गाभ्यावर बदलता येणारी बाही बसते. जेथे साहित्य पोहोचवणे अवघड आहे तेथे एक गाभा आणि निरनिराळ्या व्यासांच्या अनेक बाह्या ठेवणे सोयीचे असते, पण लहान व्यासाच्या होलमध्ये बाहीला जागा करून देताना गाभा बारीक करावा लागतो आणि ताकद कमी होते. रबरी बाही स्थिर राहून तिच्या आत नळी फिरते असाही एक प्रकार आहे. तो चुनखडकासारख्या कठीण भिंतीला इजा करत नाही, पण सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या वरच्या तापमानात त्याचे रबर टिकत नाही आणि त्याला विहीर रुंद करता येत नाही. अत्यंत घासणाऱ्या खडकात ब्लेडऐवजी रोलर असलेला रीमर, म्हणजे विहीर रुंद करणारे साधन, वापरणे चांगले. तो फिरतो, म्हणून टॉर्क, म्हणजे नळी फिरवण्याचा जोर, कमी लागतो, आणि आखडलेली भिंत तो कापतही जातो.

ब्लेडच्या पृष्ठभागावर टंगस्टन कार्बाइडचा कठीण थर चढवलेला असतो. मऊ खडकासाठी कार्बाइडचे बारीक तुकडे मिसळलेला थर पुरतो. घासणाऱ्या खडकासाठी कार्बाइडचे ठोकळे किंवा बटणे ब्लेडमध्ये जवळजवळ बसवतात. एक गोष्ट आवर्जून तपासावी: स्टॅबिलायझर केसिंगच्या, म्हणजे विहिरीत कायमच्या बसवलेल्या पोलादी अस्तर-नळीच्या, आत बराच काळ फिरणार असेल, तर हा थर घासून गुळगुळीत केलेला हवा. खडबडीत कार्बाइड केसिंगला कानसीसारखा खातो, आणि केसिंगची भिंत पातळ झाल्याचे पुढे विहिरीच्या साऱ्या आयुष्यभर भोगावे लागते.

दिशामापनाची चुंबकीय उपकरणे जवळ असतील तर तेथील स्टॅबिलायझर अचुंबकीय पोलादाचा असावा लागतो. साधा पोलादी नग तेथे बसवला तर विहिरीच्या दिशेचे मोजमापच चुकते. जोडांच्या बाबतीत बिटजवळचा आणि वरचा हे दोन नग अदलाबदल करता येत नाहीत, कारण बिटला वरच्या बाजूला बाहेरचे आटे असतात आणि म्हणून बिटजवळच्या स्टॅबिलायझरला खाली आतले आटे लागतात. वरच्या नगांना खाली बाहेरचे आटे असतात. ही गोष्ट इतकी साधी आहे की ती गृहीत धरली जाते, आणि मग रिगवर चुकीचा नग येऊन पडतो.

मोटर असेल तर

आज बहुतेक दिशात्मक विहिरी बिटला खालीच फिरवणाऱ्या, बाक दिलेल्या मोटरने किंवा फिरत असतानाच वळवता येणाऱ्या यंत्रणेने खोदल्या जातात, आणि स्टॅबिलायझरचे काम संपले असा समज त्यातून होतो. तसे नाही. मोटरच्या खालच्या भागावरची बाही आणि तिच्या वरचा स्टॅबिलायझर हे पुन्हा तेच तीन बिंदूंचे गणित आहे; फक्त मधे एक ठरवून दिलेला बाक आला. स्ट्रिंग न फिरवता मोटरने पुढे सरकताना वरच्या स्टॅबिलायझरचे ब्लेड भिंतीवरच्या एखाद्या पायरीवर अडतात, वरून टाकलेले वजन बिटपर्यंत पोहोचत नाही, आणि मग अचानक सुटून सारे वजन एकदम बिटवर येऊन मोटर थांबते. असे वारंवार होत असेल तर एक स्टॅबिलायझर काढून टाकणे किंवा थोडा कमी व्यासाचा, हळुवार उताराचा नग लावणे हाच खरा उपाय असतो. लांब गेज (भिंतीला टेकणारी बाजू) असलेला पीडीसी बिट, म्हणजे कृत्रिम हिऱ्याचे कापणारे तुकडे बसवलेला बिट, स्वतःच बिटजवळच्या टेकूचे काम बरेचसे करतो, त्यामुळे अशा बिटबरोबर बिटजवळचा वेगळा स्टॅबिलायझर लावण्याआधी त्याची गरज तपासावी.

कंपनांचाही विचार येथेच करावा. टेकू फार दूर असतील तर मधली कॉलर ठरावीक वेगाला भिंतीवर आदळू लागते. टेकू फार असतील तर घर्षण वाढून बिट क्षणभर अडतो आणि पुन्हा झेप घेतो. ब्लेड भिंतीला घट्ट घासत असेल तर नळी फिरण्याच्या उलट दिशेने भिंतीवर गडगडत जाण्याचाही धोका असतो, आणि या प्रकारच्या फिरण्यात जोड फार लवकर थकतात. म्हणून प्रत्येक जादा स्टॅबिलायझरने आपली जागा मिळवली पाहिजे. ‘असू दे एक’ म्हणून लावलेला नग टॉर्क, घर्षण आणि अडकण्याची शक्यता एवढेच वाढवतो.

रिंग गेज हातात घेऊन

स्टॅबिलायझर भाड्याने येतो, वापरून परत जातो, दुरुस्त होतो आणि पुन्हा येतो. त्यामुळे येणाऱ्या प्रत्येक नगाचे आटे, आट्यांजवळची भेगांची तपासणी आणि वरच्या गुळगुळीत मानेची लांबी पाहिल्याशिवाय तो घेऊ नये. आटे पुन्हा पुन्हा कापून ही मान आखूड होत जाते, आणि नग विहिरीत तुटला तर तो पकडून बाहेर काढण्यासाठी फिशिंगच्या साधनाला धरायला तीच मान लागते.

सगळ्यात महत्त्वाचे मोजमाप मात्र व्यासाचे. तीन ब्लेडच्या स्टॅबिलायझरला समोरासमोर दोन ब्लेड नसतात, म्हणून नेहमीच्या कॅलिपरने त्याचा व्यास घेता येत नाही. बिटच्या व्यासाची अचूक पोलादी कडी, म्हणजे रिंग गेज, वापरावी लागते. स्ट्रिंग बाहेर आल्यावर ब्लेडवरचा मड धुऊन कडी त्यांच्यावर सरकवावी, दोन ब्लेडना ती घट्ट टेकेपर्यंत ओढावी आणि तिसऱ्या ब्लेडपाशी राहिलेली फट पट्टीने मोजावी. ही फट म्हणजे झीज नव्हे, ही चूक अनेकांकडून होते. व्यासातली घट फटीच्या दोन तृतीयांश असते. फट ४.५ मिलिमीटर असेल तर स्टॅबिलायझर ३ मिलिमीटरने कमी झालेला आहे, म्हणजे वर पाहिलेल्या हिशेबातल्या स्थितीला पोहोचला आहे. मोजणी ब्लेडच्या खालच्या, मधल्या आणि वरच्या अशा तीन ठिकाणी करावी. खालचे टोकच जास्त झिजले असेल तर बिटने मापाची विहीर सोडली नसावी आणि आखडलेली भिंत स्टॅबिलायझरने कापत नेली असावी. वरचे टोक झिजले असेल तर बाहेर येताना त्रास झाला होता. झीज ब्लेडच्या पूर्ण लांबीवर सारखी असेल तर खडकच घासणारा होता.

हे आकडे नगाच्या अनुक्रमांकासह आणि सर्व्हेच्या नोंदीशेजारी लिहून ठेवावेत, आणि पुढची स्ट्रिंग उतरवण्यापूर्वी ते ड्रिलरला दाखवावेत. कारण बिट कमी व्यासाचा होऊन बाहेर आला असेल, तर विहिरीचा शेवटचा भागही तितकाच अरुंद आहे, आणि पूर्ण व्यासाच्या नव्या बिटमागोमाग नवे स्टॅबिलायझर वेगाने खाली सोडले तर ते तेथे पाचरीसारखे अडकतात. तो शेवटचा भाग मड चालू ठेवून, स्ट्रिंग फिरवत आणि हलक्या वजनाने रुंद करत उतरावे लागते.